आठ नंबरचा पंखा

शेतातली जळालेली मोटार ट्रॅक्टरमधून येते, टेंपोतून येते, कधी मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसूनही येते. पण रुमालात बांधलेली मोटार आळंदच्या उमरगा रस्त्यावर तोवर कुणी पाहिली नव्हती.

जानेवारीतला सोमवार होता, दुपारची वेळ. मल्लेश्वरी आपल्या दुकानात एका बोअरच्या मोटारीत तांब्याची तार भरत बसली होती. समोर सावली पडली म्हणून तिने मान वर केली. तिशीच्या आतबाहेरचा माणूस, चष्म्यावर पाण्याचे शिंतोडे, पँट मांडीपर्यंत भिजलेली, काखेत अडीच फुटांची लालभडक बोट आणि हातात तो रुमाल. रस्त्यावर तुरीचं भुसकट उडत होतं, हवा कोरडी ठणठणीत होती, आणि हा गडी भिजून चिंब. मल्लेश्वरीला हसू आलं, पण गिऱ्हाइकाला हसू नये एवढं तिला कळत होतं.

"अक्का, वायंडिंग करणारे अप्पा हायेत का?"

तिने हनुवटीने कोपऱ्यातली खुर्ची दाखवली. तिथे तिचे वडील, प्रभुलिंग अप्पा, डोळे मिटून बसले होते. तीन वर्षांपासून अप्पांचे हात थरथरायचे. तेव्हापासून या दुकानातली प्रत्येक मोटार मल्लेश्वरीच भरायची. पण पाटीवर नाव अप्पांचं, खुर्चीत बसलेले अप्पा, म्हणून येणारा प्रत्येक जण मोटार अप्पांपुढे ठेवायचा, आणि न्यायला आला की अप्पांनाच हात जोडायचा. "अप्पा, लई उपकार झाले बघा. पीक वाचलं." अप्पा मान हलवायचे. मल्लेश्वरी बोटाला चिकटलेलं वार्निश खरवडत बसायची. राग नव्हता तिचा. पण कुणी तरी एकदा चुकून तिच्याकडे बघून ते बोलावं, असं तिला वाटायचं खरं.

या माणसानेही रुमाल अप्पांपुढेच सोडला. आत लिंबाएवढी मोटार होती, जळून काळीठिक्कर. अप्पांनी ती नाकाशी नेली, हुंगली आणि मल्लेश्वरीच्या हातात दिली.

"ही कशाची?" तिने विचारलं.

"या बोटीची. रिमोटवर पळती. शर्यतीची हाय." मग त्याने सगळं सांगून टाकलं. नाव बसवेश. गुलबर्ग्याच्या एका डिप्लोमा कॉलेजात शिकवतो. बॅटरीवरच्या बोटींची शर्यत मार्चअखेरीला गुलबर्ग्याच्या तलावावर आहे. सकाळी अमरजा धरणावर बोट पळवून बघायला आला होता, तर मधोमध मोटार जळाली आणि बोट तिथेच थांबली. "मग काय करता… उतरलो पाण्यात."

"पोहायला येतं का तुम्हाला?"

"न्हाई."

मल्लेश्वरीने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"पाणी मांडीएवढंच होतं," तो ओशाळून म्हणाला. "उतरल्यावर कळलं ते."

आता मात्र तिला हसू आवरलं नाही. तिने ते मोटारीत लपवलं. जळालेली तार चिमट्याने उचकटत म्हणाली, "भरून देते. रविवारी या."

"दुसरी एक जुनी मोटार हाय पिशवीत. ती तेवढी आत्ता फिरवून बघता का? चालू हाय का न्हाई एवढंच…"

"आज न्हाई. सोमवारी आमच्यात मोटार फिरत न्हाई."

हा अप्पांचा नियम. सोमवार बसवण्णांचा, म्हणजे नंदीचा, सोमवारी बैल जुंपायचा नाही, हे त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. बैल गेले, बोअर आली, तेव्हा अप्पांनी नियम तेवढा मोटारीला लावला. शेताला पाणी कोण देतं? मोटार. मग आजचा बैल कोण? मोटार. तिलाही एक दिवस सुट्टी. सोमवारी दुकान उघडं असायचं, तार भरली जायची, वार्निश वाळायचं; पण बटण दाबलं जायचं नाही.

बसवेश हे ऐकून हसला नाही. बोट काखेत घेत म्हणाला, "बरंय. आमच्या कॉलेजात प्राध्यापकालासुद्धा एवढं कुणी विचारत न्हाई."

*

रविवारी तो आला तेव्हा मोटार तयार होती. एवढ्या बारीक मोटारीत तार भरायला मल्लेश्वरीला तीन संध्याकाळी लागल्या होत्या. आईचा भिंगाचा चष्मा लावून, श्वास रोखून, एकेक वेढा. जोड जिथे असतात तिथे जुनी तार वितळून गोळा झाली होती, तेव्हा तिथे तिने आपल्या सवयीने जोड दिला. शेकडो मोटारी भरलेला हात. त्याला विचारावं लागत नव्हतं.

दुकानामागे सिमेंटचा हौद होता, बोअरच्या मोटारी बुडवून बघायचा. बसवेशने बोट पाण्यात सोडली, तिच्या शेपटाला नायलॉनची दोरी बांधली आणि दोरीचं दुसरं टोक मल्लेश्वरीने हौदाच्या कडीला अडकवलेल्या स्प्रिंगच्या काट्याला. या काट्यावर एरवी भंगारातली तार मोजली जायची. आता बोट दोरी ताणणार आणि किती जोराने ताणते ते काटा सांगणार.

"सोडू?"

"सोडा की."

त्याने रिमोटची कळ दाबली. बारीक, गोड आवाज उठला, हौदाच्या पाण्यात पांढरी शेपटी उमटली, आणि उडालेलं अर्धं पाणी थेट मल्लेश्वरीच्या तोंडावर. तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा तो रिमोट तसाच धरून तिच्याकडे बघत होता आणि काट्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

"किती दाखवलं?" तो दचकून म्हणाला.

"मला काय माहीत. तुम्ही बघायचं होतं."

"मी… बघायलो होतो."

"काट्याकडं?"

बसवेशने वाकून मोटार बोटीतून काढली, नखाने तारेचे वेढे चाचपले. ओळीत, एकावर एक, कुठे ढिला नाही, कुठे चढला नाही. "हे अप्पांनी भरलंय?"

"अप्पांचे हात चालत न्हाईत. मी भरलंय."

तो सरळ उभा राहिला. मोटार हौदाच्या काठावर ठेवली आणि दोन्ही हात जोडले. खुर्चीकडे वळून नाही; तिच्याकडे बघून. "लई आभारी हाय मी तुमचा," तो म्हणाला. "गुलबर्ग्यात चार ठिकाणी फोन करून इचारलं, सगळे म्हणले फेकून दे." मग खिशातली वही काढून त्याने पहिल्या पानावर लिहिलं: 'वायंडिंग – मल्लेश्वरी, आळंद'. आणि शाई वाळेपर्यंत पान उघडं धरून ठेवलं.

त्या दिवशी घरी जाताना तिला रस्ताभर बरं वाटत होतं. इतकं बरं, की कोपऱ्यावर वाट अडवून बसणाऱ्या म्हशीलाही तिने न हुसकता वळसा घातला. ईरम्मा, म्हणजे तिची आई, भाकरी थापता थापता म्हणाली, "काय गं, कशाचं हसायलीस?" मल्लेश्वरी म्हणाली, "कुठं काय." चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच.

*

मग रविवारामागून रविवार लागले.

बसवेशकडे आठ पंखे होते. तो त्यांना प्रोपेलर म्हणायचा, ती पंखे. पितळेचे, दोन पात्यांचे, सगळ्यात मोठा रुपयाच्या नाण्याहून जेमतेम मोठा. प्रत्येकावर बारीक नंबर कोरलेला. पात्याचा पीळ थोडा जास्त की पाणी जास्त ढकलणार, पण मोटारीला दमवणार. पीळ कमी की मोटार खुशाल पळणार, पण बोट पुढे सरकणार नाही. मोटार आणि पंखा यांची जोडी जुळवायची, एवढंच काम. पण ते लग्न जुळवण्यापेक्षा किचकट. एक पंखा बसवायचा, अर्धा मिनिट बोट ताणून धरायची, काटा बघायचा, बॅटरी किती खाल्ली ते मीटरवर बघायचं, मोटार किती तापली ते बघायचं, वहीत लिहायचं. मग पंखा बदलायचा आणि पुन्हा तेच.

तापमान बघायला बसवेशने पिस्तुलासारखं एक यंत्र आणलं होतं. मल्लेश्वरी मोटारीला तळहात लावायची आणि मनात पाच मोजायची. पाचपर्यंत हात टिकला तर मोटार बरी.

"किती?" तो यंत्र मागे लपवून विचारायचा.

"पंचावन्न असंल."

"चोपन्न." तो यंत्र पुढे करायचा. "एवढं महाग यंत्र घेतलं उगंच."

"मग हात उसना मागायचा होता."

हे ती बोलून गेली आणि मग दोघांनाही वहीत फार महत्त्वाचं काही तरी दिसायला लागलं.

आणखी एक गोष्ट तिच्या ध्यानात आली होती. पहिल्या दिवशी तो तिला सगळ्यांसारखा 'अक्का' म्हणाला होता. दुसऱ्या रविवारीही एकदा. त्यानंतर अक्का बंद झालं. आता तो तिला हाकच मारायचा नाही. "अहो… हे… जरा पाना द्या." वाक्याला डोकंच नसायचं. ती मात्र मजेत 'सर' म्हणायची, आणि प्रत्येक 'सर'ला त्याचा चेहरा किंचित पडायचा.

शिवाय हा माणूस विसराळू झाला. एका रविवारी पाना विसरला, सोमवारी दुपारच्या बसने न्यायला आला. पुढच्या रविवारी चार्जर विसरला, सोमवारी आला. त्याच्या पुढच्या रविवारी चष्म्याची डबी. चष्मा डोळ्यांवर, डबी इथे. येऊन तास-दीड तास बसायचा. अप्पांशी बैलांच्या, जत्रेच्या गप्पा, ईरम्माने पाठवलेली शेंगाचटणी आणि भाकरी, आणि मध्ये मध्ये तारेत गुंतलेल्या बोटांकडे बघणं.

"सर," ती शेवटी म्हणाली, "सोमवारी मोटार फिरत न्हाई, ठाऊक हाय तुम्हाला. मग सोमवारीच कामून येता?"

"मोटार फिरत न्हाई म्हणूनच," तो खाली बघत म्हणाला. "आवाज नसतो. बोललेलं… ऐकू येतं."

तिने मान खाली घालून तारेचा पुढचा वेढा घातला. पुढच्या रविवारी, जरा खोडी काढावी म्हणून, तिने त्याची एकूण एक वस्तू आठवणीने त्याच्या पिशवीत भरून दिली. पाना, चार्जर, डबी, रुमालसुद्धा. बसवेशने पिशवी उचलली, आत पाहिलं आणि त्याचा चेहरा असा उतरला, की तिला तिच्याच खोडीचं वाईट वाटलं. तो पायरी उतरेपर्यंत तिने टेबलावरच्या फडक्यातला एक पंखा गुपचूप उचलला आणि गल्ल्याच्या खणात टाकला. आठ नंबरचा.

गुलबर्ग्याला पोचल्यावर त्याचा फोन आला. "अहो… आठ नंबरचा पंखा तिथं राह्यलाय का?"

"बघावं लागंल," ती गंभीरपणे म्हणाली. "उद्या या."

*

मार्च निम्मा झाला आणि बसवेश काळजीत पडला. आकडे जुळत नव्हते. कंपनीच्या कागदाप्रमाणे मोटार जेवढी पळायला हवी तेवढी पळत नव्हती, निम्म्याहून थोडी जास्त फक्त. लहान पंख्यांनी बोट जागची हलेना. मोठा, त्याहून मोठा करत करत ते आठ नंबरवर आले, तेव्हा कुठे काटा बऱ्यापैकी ताणला गेला. पण आठ नंबर हा सगळ्यात जास्त पिळाचा पंखा. त्याला या मोटारीत कुणी वापरत नाही.

"माझंच काही तरी चुकायलंय," तो वहीची पानं उलटत म्हणायचा. "पंखे चुकीचे घेतले, न्हाई तर मोजणं चुकलं. वायंडिंगमध्ये तर चूक न्हाई."

"कशावरनं?"

"तुम्ही भरलंय ते."

असा विश्वास कुणी टाकला की माणसाला दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटतं. मल्लेश्वरीलाही वाटलं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, गुलबर्ग्याच्या बसच्या कंडक्टरने एक खोका आणून दिला. बसवेशने तशाच मापाची नवी मोटार मागवली होती, वेळप्रसंगी असावी म्हणून. बेरिंगला तेल देऊन ठेवा, दुपारी येतो, असा निरोप होता. तिने मोटार उघडली, तेल दिलं, सहज जोडाकडे नजर गेली आणि तिचा हात तिथेच थांबला.

जोड डेल्टाचा होता.

स्टार आणि डेल्टा शेतातल्या स्टार्टरच्या पेटीमुळे पोराटोरांनाही ठाऊक असतं. तारा त्याच. तीन टोकं एका गाठीत बांधली तर स्टार. तीन तारा एकमेकींचे हात धरून फेर धरतात तशा जोडल्या तर डेल्टा. स्टारवर मोटार हळू चालते, थंड राहते. डेल्टावर सुसाट सुटते, तापते. आळंद तालुक्यातली बोअरची मोटार तिने कायम स्टारमध्ये भरली होती. ती लिंबाएवढी मोटार भरतानाही हात न विचारता स्टारवर गेला होता.

म्हणजे वही चुकली नव्हती, पंखे चुकले नव्हते. चूक पहिल्या पानावर लिहिलेली होती, तिच्या नावासकट.

तिने तेलाची बुधली खाली ठेवली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिच्याकडे वळून हात जोडले होते, आणि ते नेमके चुकलेल्या कामासाठी. तो नमस्कार तिने दोन महिने जपून ठेवला होता. आता तो तिचा नव्हताच. खरं सांगितलं तर त्याच्या डोळ्यांतला तो विश्वास जाईल. न सांगता जोड बदलावा तर तासाभराचं काम. झाकण लावलं की कुणाला कळणार होतं? मांजर डोळे मिटून दूध पितं तसं. पण डेल्टाच्या वेगात आठ नंबरचा पंखा फिरला तर मोटार दुसऱ्या मिनिटाला जळेल, हे तिला नेमकं कळत होतं. आणि पंखाही गुपचूप बदलला, तरी तो माणूस जन्मभर स्वतःचंच मोजणं चुकलं म्हणत राहील. ते तिला सोसवेना.

बसवेश दोन वाजता आला. तिने त्याला पाणी दिलं, बसू दिलं, आणि दोन्ही मोटारी त्याच्यापुढे ठेवल्या.

"सर, तुमची वही बरोबर हाय. मी चुकले." तिने सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. शेवटी म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही आभार मानले. ते… परत घ्या. माझ्याकडनं घेववत न्हाईत."

बसवेशने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, दोन्ही मोटारींचे जोड उजेडात धरून पाहिले. हौदात नळाचं पाणी पडत होतं, तेवढाच आवाज. मल्लेश्वरीला वाटलं, आता हा उठेल, पिशवी उचलेल, आणि पुढच्या सोमवारी येणार नाही.

आवाज कोपऱ्यातून आला. "मी पैल्याच दिवशी ऐकलं ते," अप्पा डोळे न उघडता म्हणाले. "मोटारीचा सूर खाली होता."

मल्लेश्वरी चमकून वळली. "मग बोलला का न्हाईत?"

"बोललो असतो तर मोटार परत माझी झाली असती." अप्पांनी थरथरते हात मांडीवर एकमेकांत धरले. "तुझं दुकान हाय. तुझी चूक तू काढ, तू सांग. सांगितलीस की."

तिचे डोळे भरून आले. दुकान तुझं हे अप्पा आजवर कधी बोलले नव्हते. तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं; पण बसवेश समोर होता, म्हणून ती नुसती तार गुंडाळत राहिली.

"हौद भरलाय का?" बसवेशने एकदम विचारलं.

"व्हय."

"मग चला. आज सोमवार न्हाई."

दोन्ही मोटारी पाण्यात ओढून बघितल्या. नवी मोटार लहान पंख्यावर अशी सुसाटली, की दोरी तुणतुण्यासारखी वाजायला लागली. पण मिनिटभरात तिच्यावर हात ठेववेना, तीन मोजायच्या आत मल्लेश्वरीने तो काढला. तिची स्वतःची मोटार आठ नंबरवर संथ चालली. जोर थोडा कमी, पण दोन मिनिटांनी पाच मोजले तरी तळहात निवांत.

"शर्यत किती मिनिटांची?" तिने विचारलं.

"सहा. आणि ऊन म्हणाल तर गुलबर्ग्याचं." तो ओले हात पँटला पुसत उभा राहिला. "बांधलेली बोट आणि सुटलेली बोट एक न्हाई. सुटल्यावर मोटार एवढी दमत न्हाई. नवी टिकंलसुद्धा. सांगता येत न्हाई." मग त्याने दोन्ही मोटारी तिच्यापुढे धरल्या. "कोणती बसवू?"

"मला इचारता? अजून?"

"मग कुणाला इचारू?"

तो हे सहज बोलला, भाजीवाल्याला भाव विचारावा तसं. मल्लेश्वरीच्या छातीवरचा सकाळपासूनचा धोंडा उतरला. तिने दोन्ही मोटारींकडे पाहिलं, जीव मुठीत धरला, आणि आपली उचलली.

*

रविवारी सकाळी ती एकटीच बसने गुलबर्ग्याला गेली. तलावाच्या काठावर पोरांची ही गर्दी. अकरा बोटी पाण्यात रांगेने उभ्या होत्या. त्यांची लाल बोट कडेला.

शिट्टी वाजली आणि दहा बोटी उसळल्या. लाल बोट हळूहळू निघाली, एखाद्या सुनेने डोईवर घागर घेऊन निघावं तशी. काठावरून कुणी तरी ओरडलं, "सर, ढकलू का?" आणि हशा पिकला. बसवेशचं लक्ष बोटीवर होतं. मल्लेश्वरीने ओठ दाबून धरले. माझ्यामुळे, तिला वाटत होतं, हे सगळं माझ्यामुळे.

दुसऱ्या मिनिटाला लाल बोट नववी होती. तिसऱ्या मिनिटाला पुढची एक बोट फिरक्या घेत थांबली. चौथ्या मिनिटाला एकीतून धूर निघाला, आणखी एक अचानक मुकी झाली आणि वाऱ्याने वाहायला लागली. ऊन चढत होतं. लाल बोट सुरुवातीला ज्या चालीने निघाली होती, त्याच चालीने प्रत्येक वळण घेत होती. सहावी. पाचवी. शेवटच्या फेरीत आणखी एकीने मान टाकली. लांब शिट्टी वाजली तेव्हा त्यांची बोट चौथी आली होती.

बक्षीस तिघांनाच होतं. पण गेल्या दोन्ही वर्षी बसवेशची बोट शेवटपर्यंत पोचलीच नव्हती. त्याने ती पाण्यातून उचलली, झाकण काढलं आणि यंत्र खिशात असूनही मोटारीवर तळहात ठेवला. "एक, दोन, तीन, चार, पाच." मग पुढेही मोजत राहिला. वीसपर्यंत.

गर्दी पांगली. दोघं काठावरच्या कडुलिंबाच्या सावलीत बसली. बोट मध्ये, पाणी निथळत होतं.

"आज मी आभार मानते," मल्लेश्वरी म्हणाली. "काल तुम्ही रागावला असता तर चाललं असतं. मी तयार होते. तुम्ही परत मलाच इचारलं… कोणती बसवू म्हणून. ते मी विसरणार न्हाई."

"आणि मी मानणार होतो," तो म्हणाला, "पण आज नको."

"का?"

"आभार मानले की माणूस आपल्या घरी जातो." तो बोटीवरचं पाणी बोटाने निपटत होता. "मला… तुमच्याकडनं जायचं न्हाई."

वारा आला, लिंबाची दोन-चार पानं बोटीवर पडली. मल्लेश्वरीने ती एकेक करून उचलली. तेवढा वेळ तिला हवा होता.

"जळालेली मोटार भरून दिली, म्हणून बोलायलाव का हे? उपकार म्हणून?"

"उपकार असता तर एका रविवारात फेडला असता. एवढे सोमवार कामून लागले मग?" तो सरळ तिच्याकडे बघत म्हणाला. मग नेहमीचा ओशाळा झाला. "उद्या अप्पांकडं येऊ का? इचारायला."

"काय इचारायला?"

"तेच… म्हणजे… तुम्हाला…"

"मला, तर अप्पांना कामून?" मल्लेश्वरी म्हणाली. बोलताना तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण नजर हलली नाही. "सगळं जग आधी अप्पांना इचारतं. तुम्ही मला इचारा. आणि एक… दुकान मी सोडणार न्हाई."

"सोडा म्हणलं कोण? तासाभराची बस हाय. मी येईन-जाईन की."

"मग इचारा."

बसवेशने चष्मा काढला. पुसला. घातला. तलावाच्या त्या टोकाला पोरं बंद पडलेली बोट काढायला गळ टाकत होती. त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग तिच्याकडे वळला.

"मल्लेश्वरी," तो म्हणाला, आणि दोन महिन्यांत त्याच्या वाक्याला पहिल्यांदा डोकं आलं, "माझ्याशी लग्न करणार का?"

तिने त्याला जरा थांबवलं. फार नाही, मनात पाच मोजेपर्यंत.

"व्हय," ती म्हणाली.